एकशे एकोणसत्तर राहिला

प्रिय ईसोल,

दुपारच्या सुट्टीत कामावरच बसून हे लिहितो आहे, रिकामी बादली उपडी घालून. समोर अर्धी झालेली फरशी आहे आणि पलीकडे पुठ्ठ्यावर क्वाक काका आडवे झालेत, तोंडावर टोपी ठेवून. मघाशी टोपी उचलून त्यांनी विचारलं, एवढं काय लिहितोस? पोरीला पत्र, असं सांगितलं तर म्हणाले, एका घरात राहून पत्रं लिहिताय, लष्करात गेलेल्या पोरांसारखी. आणि परत टोपी ओढून झोपले. त्यांचं खरं आहे. या पत्राला तिकीट लागणार नाही. संध्याकाळी आईच्या ताटाबरोबर ते तुझ्या दाराखालच्या फटीतून आत येईल. त्या फटीतून आजवर मी तुला फक्त गणितं पाठवली. गणितात काय म्हणायचंय ते मला आधीपासून ठाऊक असतं. इथे तसं नाही, त्यामुळे पत्र लांबेल. कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद आधी वाच. नको, तसं करू नकोस. क्रमाने वाच. पायऱ्या गाळलेल्या मला आवडत नाहीत, तुला माहीत आहे.

मंगळवारी तुझी परीक्षा आहे. सहा विषय आहेत आणि गणित दुसरं. वीस प्रश्न, चाळीस मिनिटं. शाळेत न जाता माध्यमिक शाळेचा दाखला मिळवण्याची ही परीक्षा सोपी आहे असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्यांनी ती दिलेली नसते. मी तिच्या पुढची दिली आहे, उच्च माध्यमिकची, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, एक दिवस शिकवणी न लावता, दिवसा टाइल्स बसवून आणि दुसऱ्याच्या मुलांची टाकून दिलेली पुस्तकं वाचून. हे मी तुला आधीही ऐकवलेलं आहे. तुझी आई म्हणते, पाहुणे आले की चहाच्या आधी हे सांगता. असो. सांगायचं ते एवढंच, की मी जुन्या प्रश्नपत्रिका मिळतील तेवढ्या मिळवून वाचल्या आणि पहिला प्रश्न जवळपास दरवेळी तोच निघाला: एक संख्या देतात आणि तिचे मूळ अवयव पाडायला सांगतात. साठ, चौऱ्याऐंशी, नव्वद अशी काहीतरी. पहिला प्रश्न सुटला की हात स्थिर होतो. म्हणून आपण तिथून सुरुवात केली.

'आपण' म्हणतो खरा, पण सुरुवात तू केलीस.

तुझं दार बंद झालं त्याला आता दुसरा पावसाळा चालू आहे. आधी तू शाळेत जायची बंद झालीस, मग जेवायला बाहेर यायची, मग आम्ही घरात असताना न्हाणीघरात जायचीसुद्धा. मी तुझ्या शाळेत गेलो होतो, एकदा नाही, तीनदा. तुझ्या बाईंनी मला बार्लीचा चहा दिला आणि म्हणाल्या, मुलींचं आपापसांतलं असतं, बाबांनी फार मनावर घेऊ नये. काय झालं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, बहुतेक त्यांनाही पूर्ण माहीत नव्हतं. तू सांगितलं नाहीस. परीक्षेतल्या प्रश्नाचं एक बरं असतं, उत्तराला लागेल तेवढं सगळं त्यातच दिलेलं असतं. न दिलेल्यावरून कोणी विचारत नाही. इथे मला काहीच दिलेलं नव्हतं आणि विचारणारे मात्र खूप होते. तुझी मावशी बोउनहून फोन करायची. शेजारच्या बाई जिन्यात गाठून आईला विचारायच्या, मुलगी परदेशी शिकायला गेली का हो? आई हो म्हणायची. मग एके दिवशी कुठल्या देशात असं विचारलं, तर आईने कॅनडा सांगितलं. तेव्हापासून आपल्या घरी हिवाळ्यात कॅनडातल्या थंडीची चौकशी होते.

न्हाणीघराची फरशी मी बदलायला घेतली ते तुला आठवत असेल. खरं तर तिला काही झालेलं नव्हतं. मला तुझ्या दाराजवळ काहीतरी काम हवं होतं. दुसऱ्यांच्या घरी मी दिवसभर गुडघ्यांवर असतो. म्हटलं, एक रविवार आपल्या घरी गुडघ्यांवर राहावं. टाइलच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा उघडून त्यावर मी माप लिहिलं, दोनशे दहा गुणिले दीडशे, आणि खाली स्वतःसाठीच लिहून ठेवलं: सगळ्यात मोठी चौरस टाइल, एकही न कापता? पुठ्ठा तुझ्या खोलीबाहेरच्या बोळात राहिला. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर खाली पेन्सिलीने तीस लिहिलेलं होतं. नुसतं तीस. तुझा तीनचा आकडा मला ओळखता येतो, त्याचं वरचं पोट खालच्यापेक्षा मोठं असतं. मी आईला हाक मारली. तिने पुठ्ठा हातात घेतला, उलटा केला, मागे काही आहे का पाहिलं, आणि म्हणाली, "तीस काय? तीस काय हवंय तिला?" मी म्हटलं, मसावि. ती म्हणाली, ते कुठे मिळतं?

मी तिला समजावून सांगितलं, की दोनशे दहालाही ज्याने भाग जातो आणि दीडशेलाही, अशी सगळ्यात मोठी संख्या तीस. म्हणजे तीसची टाइल घेतली तर एका बाजूने सात, दुसऱ्या बाजूने पाच, पस्तीस टाइल्समध्ये फरशी पूर्ण. खऱ्या फरशीत सांध्याचे तीन-तीन मिलिमीटर धरावे लागतात, परीक्षेवाले ते धरत नाहीत, हा त्यांचा दोष आहे. पण उत्तर बरोबर होतं. मी पस्तीस टाइल्स आणल्या आणि लावल्या, आणि भिंतीकडची शेवटची ओळ सांध्यांपायी घासून घ्यावी लागली. तू त्या फरशीवर रोज उभी राहतेस. पाणी मोरीकडे नीट जातं की नाही, तेवढं तरी कधी लिहून कळव.

त्यानंतर ताटाबरोबर मी एकेक प्रश्न पाठवायला लागलो. आई म्हणाली, अहो, भाताबरोबर अवयव काय देताय, पोरीला पचेल का? पण तिनेच कागदाचे तुकडे एका मापाचे कापून ठेवले. सुरुवातीला तुझी उत्तरं यायची ती बरोबर, पण लांबच्या रस्त्याने. बहात्तरचे विभाजक किती, तर तू एकपासून एकेका संख्येने भागून पाहिलं होतंस, पूर्ण कागद भरला होता. मी तुला टाइल्सची गोष्ट लिहून पाठवली: बहात्तर टाइल्स आहेत, त्यांचे किती तऱ्हेचे आयत होतील? एक रांग बहात्तरची, दोन रांगा छत्तीसच्या, तीन चोवीसच्या, चार अठराच्या, सहा बाराच्या, आठ नऊच्या. पुढे तेच उलटे होतात. सहा जोड्या, बारा विभाजक. आणि मूळ संख्या म्हणजे तेवढ्या टाइल्सची एकच सरळ रांग होते, दुसरं काही करायला गेलं की एखादी उरते किंवा कमी पडते. मग छोटा रस्ता: बहात्तर म्हणजे दोनचा घन गुणिले तीनचा वर्ग, घातांकांत एकेक मिळव, चार आणि तीन, त्यांचा गुणाकार बारा. हा छोटा रस्ता मला तिशीत कळला, एका प्रश्नपत्रिकेच्या मागच्या उत्तरांवरून, उलट्या दिशेने, कोणी न सांगता. तुला तो एका ताटात मिळाला. माझा हेवा कर असं म्हणत नाही. तुझा मला वाटला, एवढंच.

तू एकदा उत्तराखाली उलट विचारलंस. प्रश्न होता, साठला कोणत्या सर्वांत लहान संख्येने गुणलं तर पूर्ण वर्ग होईल. तू पंधरा लिहिलंस, कारण दोनाला जोडीदार आहे, तीन आणि पाच एकटे आहेत. आणि खाली बारीक अक्षरात: साठने गुणलं तरी होतो, मग सर्वांत लहान कशाला? मी लिहिलं, कारण परीक्षकाला एकच उत्तर तपासायचं असतं. त्यावर तुझं काही आलं नाही, पण ताट पूर्ण रिकामं आलं, मुळ्याच्या लोणच्यासकट.

आणि मग एकशे एकोणसत्तर. मी विचारलं होतं, दोनशेच्या आत ज्यांना बरोबर तीन विभाजक आहेत अशा संख्या किती? तू कागद कोराच परत केलास. मला वाटलं, अडली. म्हणून दुसऱ्या दिवशी मीच उत्तर लिहून पाठवलं, सगळ्या पायऱ्यांसह: अशा संख्या म्हणजे मूळ संख्यांचे वर्ग, चार, नऊ, पंचवीस, एकोणपन्नास, एकशे एकवीस, एकूण पाच. खाली रेघ मारली, पट्टी लावून. त्या संध्याकाळी कागद परत आला. रेघेखाली लिहिलं होतं, "अप्पा, १६९ राहिला."

तेराचा वर्ग. मी तेरा विसरलो. मी, जो दुसऱ्याच्या कामातला अर्धा मिलिमीटर लांबून ओळखतो. बोळात उभा राहून मी ते कितीदा वाचलं कोण जाणे. चूक नाही वाचत होतो. तिच्या आधीचा शब्द वाचत होतो. आई स्वयंपाकघरातून आली, तिने वाचलं, आणि डोळे पुसता पुसता म्हणाली, "जन्मात एकदा चुकलात, आता गल्लीत तोक वाटा." दुसऱ्या दिवशी तिने खरंच तांदळाच्या पिठाचे, लाल घेवडा घातलेले तोक वाफवले आणि शेजारच्या बाईंना दिले. कशाबद्दल म्हणून विचारलं, तर कॅनडात पहिला नंबर आला म्हणून सांगितलं.

मग मी एक गोष्ट केली ती तू ओळखलीसच. मला वाटलं, चुकल्यावर तू बोलतेस, तर आणखी चुकावं. माझ्यासारख्या माणसाला मुद्दाम चुकायचं म्हणजे फरशीचा उतार उलट्या बाजूला द्यायचा. हात जात नाही. तरी एका उत्तरात सत्तावन्न ही मूळ संख्या आहे असं लिहिलं. तू लिहिलंस, "एकोणीस त्रिक सत्तावन्न. मुद्दाम चुकलेलं कळतं." मी तो कागद क्वाक काकांना दाखवला. ते म्हणाले, अरे बांग मिस्त्री, ही तर तुझीच कारटी आहे, तुझ्यासारखीच छळणार लोकांना. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं. आणि संध्याकाळी घरी आल्यावर दार तसंच होतं. मला कुठेतरी वाटलं होतं, की एवढं लिहायला लागली म्हणजे आता दार उघडायचंच बाकी आहे. तसं नव्हतं. प्रश्न कितीही सुटले तरी दाराचा आणि त्यांचा संबंध मला लावता आला नाही, आजही येत नाही.

परीक्षेचं विचारलं तेव्हा तू बरेच दिवस काही लिहिलं नाहीस. मी फॉर्म आणून ठेवला होता. त्यात एक चौकट असते फोटोसाठी. गेल्या तीन महिन्यांत काढलेला, समोरून, डोक्यावर काही नको. मी त्या चौकटीकडे बघत बसायचो. बाकी सगळं मी भरू शकत होतो, तुझं नाव, पत्ता, तू शाळा सोडलीस ती तारीख. पण तुझा तीन महिन्यांतला चेहरा मला माहीत नव्हता. गेल्या वर्षातलाही नव्हता. तू वाढलीस का, बारीक झालीस का, चष्म्याचा नंबर बदलला का. एका भिंतीपलीकडे झोपणाऱ्या पोरीचा बाप आहे मी आणि मला ती चौकट भरता येत नव्हती. मुदत संपायला आली तशी आई म्हणाली, जुना चिकटवा. मी म्हटलं, नियम आहे. ती म्हणाली, नियम.

तू तो फोटो आईच्या फोनवर पाठवलास तेव्हा ती कामावर, तयार भाज्या-लोणच्यांच्या दुकानात होती, कोबीला मीठ चोळत. तशीच निघाली. ॲप्रन, रबरी बूट, हाताला मीठ. आमच्या कामाच्या जागी चौथ्या मजल्यापर्यंत जिन्याने चढून आली, कारण लिफ्टमध्ये सिमेंटची पोती होती. मला वाटलं काहीतरी झालं. तिने नुसता फोन पुढे केला. स्क्रीनवर मीठ लागलं होतं, मी ते बाहीने पुसलं. तू होतीस. केस तू स्वतः कापले होतेस, उजवीकडे जरा जास्त वर गेले आहेत, साधारण दीड सेंटिमीटर. गाल उतरलेत. हनुवटी माझ्या आईची झाली आहे. ती तुझ्यात कुठे होती आजवर, कळत नाही.

"कान दिसताहेत," मी म्हटलं. "कान दिसावे लागतात."

"बापाला कान दिसले," आई क्वाक काकांना म्हणाली. "ऐकलंत? वर्षाने पोर बघितली आणि यांना कान दिसले." आणि तिथेच पोत्यावर बसून रडायला लागली. क्वाक काकांनी फोन मागितला, लांब धरून बघितला, आणि म्हणाले, वहिनी, केस कापायला हिला शिकवा, बाकी काही कमी नाही.

फॉर्म मी स्वतः नेऊन दिला, सगळी कागदपत्रं लावून. खिडकीतल्या बाईंनी फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, तुमच्यावर गेली आहे. मला ते पटलं नाही, पण मी हो म्हटलं. मुलगी का नाही आली, असं विचारलं. मी म्हटलं, घरी आहे, तब्येत बरी नसते. त्या म्हणाल्या, फॉर्म दुसऱ्याने दिलेला चालतो, परीक्षा मात्र तिलाच द्यावी लागेल हं, बाबा. हसून म्हणाल्या त्या. रोज कितीतरी लोकांना म्हणत असतील.

फॉर्म दिल्यापासून आईने समुद्री शेवाळाचं सूप बंद केलं. परीक्षेआधी ते प्यायलं तर माणूस घसरतो, सगळं जग मानतं. मी मानत नाही. मी म्हटलं, शेवाळ पोटात जातं, प्रश्नपत्रिकेवर नाही. ती म्हणाली, तुमच्या परीक्षेआधी तुमच्या आईने दिलं होतं का? दिलं नव्हतं. मग तुझी चिठ्ठी आली, "सूप का बंद?" आईने स्वतः उत्तर लिहिलं, पहिल्यांदाच, वाकड्या ओळीत, की मंगळवारनंतर मिळेल. तू लिहिलंस, "मी तरी कुठे चालते, घसरायला." आई हसली. मग भांडी घासताना तिचं हसणं कुठे गेलं कळलं नाही, नळ बराच वेळ चालू होता.

मी ती शाळा बघून आलो. तुझं केंद्र तिथे आहे, मुशिम ओढ्याच्या पलीकडे. रखवालदार मला म्हणाला, परीक्षेला बसणार का, काका? त्याचं चुकलं नाही. तिथे सगळ्या वयाचे येतात. सत्तरीच्या आज्या येतात, ज्यांना लहानपणी भावाच्या शिक्षणासाठी घरी बसवलं. कारखान्यात काम करणारे येतात. केस रंगवलेली पोरं येतात. कोणी कोणाला इतके दिवस कुठे होतास म्हणून विचारत नाही, कारण विचारलं तर स्वतःचंही सांगावं लागेल. मी परीक्षेला गेलो तेव्हा माझ्या पुढच्या बाकावर एक मांस विकणारा होता, त्याने सुट्टीत मला उकडलेलं अंडं दिलं आणि नावही विचारलं नाही. हे मी तुला धीर द्यायला लिहीत नाही. जसं असतं तसं सांगतो.

आता गेल्या रविवारचं. तू चिठ्ठीत लिहिलं होतंस, की बसच्या थांब्यापर्यंत जाऊन बघते. आई सकाळपासून तयार होती, चांगला ब्लाउज घालून, हातात तुझी छत्री घेऊन, ऊन आहे म्हणून. मीही दाढी केली होती. आम्ही बोळात उभे होतो. तुझ्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज आला, मग चेन ओढल्याचा, मग बराच वेळ काही नाही. मग दाराची मूठ फिरली. मी ती फिरताना पाहिली. अर्ध्यापर्यंत गेली आणि तिथे थांबली. आईने माझा दंड धरला होता, तिची नखं लागत होती. आम्ही श्वाससुद्धा घेत नव्हतो. आणि मूठ परत आली, हळूच, आवाज होऊ नये म्हणून जपून. माझ्या हातात हत्यारं असतात तेव्हा मला कुठलंही दार बिजागरीतून काढता येतं. त्या क्षणी मला ते माहीत होतं, आणि त्याचा काहीही उपयोग नाही हेही माहीत होतं. आई म्हणाली, "बोला ना काहीतरी." मला पूर्ण वर्ग आठवत होते.

संध्याकाळी ताटावर तुझी चिठ्ठी आली. "तुम्ही ऐकत असता ते मला ऐकू येतं."

ती मी क्वाक काकांना दाखवली नाही. आईलाही दोन दिवस दाखवली नाही. दाखवली तेव्हा तिने ती वाचून घडी घालून ॲप्रनच्या खिशात ठेवली आणि म्हणाली, मग आपण काय, मरायचं का? मी म्हटलं, नाही, बाहेर जायचं. ती समजली नाही. समजल्यावर मात्र भांडली. इतकी वर्षं संसार केला पण अशी भांडलेली मी पाहिली नव्हती, तुला ऐकू जाऊ नये म्हणून सगळं कुजबुजून. परीक्षेच्या दिवशी आईबाप फाटकाबाहेर उभे राहतात, हात जोडतात, पोर पास होऊन चिकटावं म्हणून फाटकाला चिकट गोड साखरपट्टी लावतात, आणि आपण पळून जायचं?

"रस्त्यात काही झालं तर?" ती म्हणाली.

"फोन करेल."

"आणि नाही केला तर?"

इथे मी लिहिता लिहिता थांबलो आहे, ईसोल, आणि क्वाक काका उठले आहेत, थापी धुताहेत, सुट्टी संपली असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बादलीला सांगताहेत.

तर हे पत्र यासाठी. सोमवारी संध्याकाळी ताट ठेवून आम्ही दोघं बोउनला मावशीकडे जातो आहोत. मंगळवारी अंधार पडल्यावर येऊ, त्याआधी नाही. त्यामुळे बाहेरच्या दाराचं बटणांचं कुलूप दिवसभर वाजणार नाही, आणि वाजलं तर ते तू वाजवलेलं असेल. त्याचा आकडा तोच आहे, बदललेला नाही. आम्ही फोन करणार नाही, जिन्यात कोणाला लक्ष ठेवायला सांगितलेलं नाही, शेजारच्या बाईंनाही नाही. बोळात स्टुलावर तुझं प्रवेशपत्र आहे, ओळखीसाठी पासपोर्ट आहे. त्यातला फोटो लहानपणीचा आहे, कोणी काही म्हटलं तर सांग की मुली वाढतात. उत्तरपत्रिकेची जाड पेनं दोन आहेत, दोन्ही मी पुठ्ठ्यावर चालवून पाहिली आहेत. शाळेचं मागचं फाटकही उघडं असतं, तिथे गर्दी नसते. डबा फ्रिजमध्ये असेल. गेलीस का, असं आम्ही विचारणार नाही, आणि नाही गेलीस तरी मंगळवारी ताट येईल, त्यात सूप असेल, आईने कबूल केलं आहे. राहता राहिले बूट. तुझे जुने मी पाहिले, ते आता होणार नाहीत, पण नवे किती मापाचे लागतील ते मला ठरवता येईना. दुकानदाराने मुलीच्या पायाचं माप विचारलं. मी इतक्या लोकांच्या घरांची मापं तोंडपाठ सांगतो. मी म्हटलं, माहीत नाही, दोन्ही द्या. तेव्हा दाराशी बुटांचे दोन जोड आहेत, एक दोनशे पस्तीस मिलिमीटरचा आणि एक दोनशे चाळीसचा. जो होईल तो घाल. दुसरा तिथेच राहू दे, मी आल्यावर बघीन.

तुझाच,
अप्पा